पॉइंट गार्डचा प्रशिक्षक होताना : पाब्लो लासोची वाट आणि गावचा संघ

जिल्ह्यापर्यंत खेळलेलं पोरगं शिक्षण आटोपून गावी येतं आणि शाळेतले गुरुजी त्याच्याकडे पोरं सोपवतात. विदर्भातल्या खेड्यांत बास्केटबॉलचे बहुतेक प्रशिक्षक असेच तयार होतात. ज्याला खेळता येतं त्याला शिकवताही येईल, असं सगळे धरून चालतात. तसं होत नाही. चांगल्या खेळाडूचं ज्ञान त्याच्या हातापायांत असतं आणि ते शब्दांत मांडायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. ही अडचण कशी सोडवावी हे समजायला स्पेनच्या पाब्लो लासो यांची कारकीर्द फार उपयोगी पडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

लासो यांचा जन्म १९६७ साली व्हितोरियाचा. १९८४ ते २००३ ते पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, म्हणून खेळले. १९९५ साली व्हितोरियाच्या संघाकडून स्पेनचा राजचषक जिंकला आणि त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तेच ठरले. स्पॅनिश लीगच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट (ज्या पासवर सहकारी बास्केट करतो तो पास) आणि सर्वाधिक स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू) त्यांच्याच नावावर जमा झाले. हे दोन्ही विक्रम उंचीचे किंवा ताकदीचे नाहीत. समोरचा पुढच्या क्षणी काय करणार हे आधी ओळखण्याचे आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट दुसऱ्याला शिकवणं सर्वांत अवघड.

खेळणं थांबवल्यावर त्यांना लगेच मोठा संघ मिळून सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिलं काम खालच्या विभागात, कास्तेयोनला. मग वालेन्सियात मोठी संधी आली, ती टिकली नाही. पुन्हा खालच्या विभागात कांताब्रिया, मग सान सेबास्तियनचा गिपुझ्कोआ संघ. २००८ साली हा संघ त्यांनी वरच्या लीगमध्ये आणला. रेआल माद्रिदने त्यांना बोलावलं ते २०११ साली, म्हणजे खेळाडू म्हणून थांबल्यावर आठ वर्षांनी. तिथे २०१२ चा राजचषक मिळाला, पण युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, २०१३ आणि २०१४ च्या अंतिम सामन्यांत लागोपाठ हार झाली. २०१५ साली ऑलिम्पियाकोसला ७८-५९ हरवून चषक आला, २०१८ साली फेनेर्बाचेला ८५-८० हरवून पुन्हा आला. दोन फायनल हरूनही वेगाने धावणारा, चेंडू फिरवणारा खेळ त्यांनी सोडला नाही. तालुक्याच्या एका मॅचमध्ये हरलं की दुसऱ्या दिवशी सगळी पद्धत बदलणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

आधी स्वतःचा खेळ वहीत उतरवा

पोरांसमोर उभं राहण्याआधी दोनशे पानी वही घ्या आणि तुम्हाला सर्वांत चांगल्या येणाऱ्या तीन गोष्टी निवडा. प्रत्येक गोष्टीचे चार भाग लिहायचे : मी काय पाहतो, पाय कुठे असतात, हात काय करतात, चुकलं तर काय दिसतं. "अंदाजाने पास देतो" असं लिहिलंत तर अजून काही लिहिलंच नाही असं समजा.

दोन विरुद्ध एक फास्ट ब्रेकचं, म्हणजे समोरचे परतायच्या आत केलेल्या धावत्या हल्ल्याचं, उदाहरण घ्या. दोन हल्लेखोर आणि मध्ये एकच बचावपटू. हल्लेखोरांमध्ये बास्केटखालच्या रंगीत पट्ट्याइतकं, म्हणजे सुमारे ५ मीटर अंतर हवं. जवळ आले तर एकच बचावपटू दोघांनाही अडवतो. चेंडूवाल्याने फ्री थ्रो रेषेच्या (फाऊलनंतर जिथून मोकळा शॉट मारतात ती बास्केटसमोरची रेषा) आसपास निर्णय घ्यायचा. त्याच्या आधी पास दिला तर बचावपटूला वळायला वेळ मिळतो, त्याच्यानंतर दिला तर पास त्याच्या हातात जातो. पाहायचं ते बचावपटूच्या छातीकडे आणि पुढच्या पायाकडे. छाती आपल्याकडे वळली आणि पाय आपल्या दिशेने पडला की पास. तो मागे सरकत राहिला की थेट लेअप, म्हणजे बास्केटपर्यंत धावत जाऊन जवळून मारलेला शॉट. पास टप्प्याचा द्यायचा, आणि टप्पा दोघांमधल्या अंतराच्या दोनतृतीयांशावर पडला पाहिजे. टप्पा अलीकडे पडला तर चेंडू उंच आणि सावकाश जातो, फार पलीकडे पडला तर सहकाऱ्याच्या घोट्याशी येतो.

एवढं लिहून झालं की त्यातून पोरांना द्यायच्या दोन-तीन शब्दांच्या सूचना निघतात : "छाती बघ", "रेषेवर ठरव", "रुंद धाव". मैदानावर एवढंच बोलायचं. सविस्तर समजावणं खेळ थांबवून, सगळ्यांना जवळ बोलावून, जास्तीत जास्त ४० सेकंदांत. शिकवण्यात नवीन माणूस सर्वांत जास्त चुकतो तो इथेच. चेंडू हातात घेऊन पाच मिनिटं बोलतो आणि मागची पोरं तोवर एकमेकांना ढकलत असतात.

दुसरी खोड म्हणजे स्वतः खेळून दाखवत राहणं. करून दाखवणं दोनदा पुरे, एकदा पूर्ण वेगात आणि एकदा सावकाश. सरावाच्या मॅचमध्ये प्रशिक्षकाने उतरू नये. पोरं कमी असतील तर तीन विरुद्ध तीन करा, पण तुम्ही बाहेरच राहा. आत गेलात की चेंडू तुमच्याकडेच येणार आणि तुमच्या पॉइंट गार्डला निर्णय घ्यायची सवय लागणार नाही.

काल सोबत खेळणारी पोरं तुम्हाला "काय बे" म्हणत असतील तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून टाका. मैदानाबाहेर भाऊ, आत सर. तुम्हीही कुणाला आडनावाने किंवा टोपणनावाने चिडवायचं नाही. हे मध्येच बदलायला गेलं की भांडण होतं, म्हणून पहिल्या दिवशीच.

कागदोपत्री पात्रताही हवी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स असतो. त्या वर्षीच्या यादीत बास्केटबॉल आहे का ते पाहूनच अर्ज करा. शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची तर १९१४ पासून चालत आलेलं अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळ आहे. यातलं काहीच लगेच जमत नसेल तर निदान नियम पाठ करा आणि गावातल्या मॅचना पंच म्हणून उभे राहा. शिट्टी हातात आली की आपण खेळताना किती वेळा पाय उचलत होतो (चेंडू न आपटता जास्तीचं पाऊल टाकण्याची चूक) हे कळतं.

काळ्या मातीवर कोर्ट

पूर्ण कोर्ट २८ × १५ मीटर. भोवती २ मीटर मोकळी जागा धरली तर ३२ × १९. बहुतेक गावांना एवढा खर्च पेलत नाही, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. १५ × ११ मीटरचं अर्धं कोर्ट आणि एक पक्का पोल यावर दोन वर्षं उत्तम काम होतं. खेळाची दिशा, म्हणजे पोलपासून समोरच्या रेषेपर्यंतची, उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ शूट करताना ऊन थेट डोळ्यांत येतं.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट टाकलं तर पहिल्या दोन पावसाळ्यांत तडे जातात आणि चेंडू तड्यावर आपटला की कुठेही जातो. म्हणून ४५ ते ६० सेंटिमीटर माती काढा. मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग पोकळ राहतो. त्यावर १० सेंटिमीटर एम-२० दर्जाचं काँक्रीट. अर्ध्या कोर्टाला साधारण साडेसोळा घनमीटर लागतं आणि घनमीटरला सुमारे ८ गोण्या धरल्या तर १३० गोण्या सिमेंट. दर ३ ते ४ मीटरवर जोड सोडा. पाणी निघायला १ टक्का उतार हवा, म्हणजे १५ मीटर रुंदीत १५ सेंटिमीटर, आणि तो एकाच बाजूला. वरचा पृष्ठभाग झाडूने खरबरीत करा. घोटून गुळगुळीत केला तर हिवाळ्याच्या दवात पोरं घसरतात.

काम डिसेंबर-जानेवारीत काढा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ओल्या काँक्रीटचं पाणी काही तासांत उडतं आणि अंगभर बारीक भेगा पडतात. थंडीतही आळी करून किमान दोन आठवडे पाणी साचवून ठेवायचंच.

पोलमध्ये दोन चुका फार दिसतात. पहिली, पोल एंड लाइनवरच (बास्केटच्या बाजूची कोर्टाची शेवटची रेषा) उभा करतात. बोर्डाचा पुढचा भाग एंड लाइनच्या १.२० मीटर आत हवा आणि पोल रेषेच्या किमान १ मीटर बाहेर, म्हणजे वरचा आडवा हात सव्वादोन मीटरच्या आसपास लागतो. नाहीतर लेअप मारणारं पोर सरळ पोलवर जाऊन आदळतं. पोलला डोक्याच्या वरपर्यंत गादी किंवा फोम गुंडाळून ताडपत्रीने बांधा. दुसरी चूक पायाची. वरचा हात लांब असला की पोल पुढे झुकतो, त्यामुळे ६ इंची लोखंडी पाइपला १ मीटर लांब-रुंद आणि सव्वा ते दीड मीटर खोल काँक्रीटचा पाया द्या.

बोर्ड १.८० × १.०५ मीटर, त्याची खालची कड जमिनीपासून २.९० मीटरवर. रिंगची वरची कड ३.०५ मीटरवर आणि आतला व्यास ४५ सेंटिमीटर. साधा प्लाय एका पावसाळ्यात फुगतो. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या आणि कडांनाही रंग द्या, कारण पाणी कडेनेच आत शिरतं. रिंगची उंची दर सहा महिन्यांनी टेपने मोजा. पोरं लटकतात आणि ती दोन-तीन सेंटिमीटर खाली येते.

रेषा ५ सेंटिमीटर रुंद. फ्री थ्रो रेषा एंड लाइनपासून ५.८० मीटर, तीन गुणांची कमान रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.७५ मीटर. त्या बिंदूवर खिळा ठोकून दोरीने कमान काढा. ती कोपऱ्यापर्यंत ओढत नेऊ नका. तिथे बाजूच्या रेषेपासून ९० सेंटिमीटर आत सरळ रेघ असते.

चेंडू रबरचा घ्या, चामड्याचा काँक्रीटवर लवकर सोलतो. चौदा वर्षांवरील मुलांना ७ नंबर, मुलींना ६, बारा वर्षांखालच्यांना ५. बारा पोरांमागे निदान सहा चेंडू लागतात. एका चेंडूवर बारा पोरं रांगेत उभी केली तर दीड तासात एकेकाच्या वाट्याला जेमतेम सात-आठ मिनिटं खेळ येतो. हवा तपासायची तर चेंडू १.८० मीटरवरून सोडा. उसळून त्याचा वरचा भाग १.२० ते १.४० मीटरपर्यंत आला पाहिजे. मेमध्ये दुपारी भरलेला चेंडू पहाटे मऊ लागतो, म्हणून हवा सरावाच्या वेळीच तपासा. लहान मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर बसवता आली तर फार बरं. तेवढ्यासाठी पोलवर दुसरं भोक आधीच पाडून ठेवा. उंच रिंगवर लहान पोरं कंबरेतून चेंडू फेकायला शिकतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

नव्वद मिनिटं

पहिली १० मिनिटं पायांची : धावणं, बाजूला सरकणं, थांबणं, पिव्हट (एक पाय रोवून दुसऱ्याने वळणं). पुढची १५ ड्रिबलची, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेण्याची, दोन्ही हातांनी. समोर उभं राहून बोटं दाखवा आणि पोरांनी ड्रिबल करता करता किती बोटं ते ओरडून सांगायचं. नजर चेंडूवरून उठवायचा याहून स्वस्त उपाय नाही. ड्रिबल सुरू करताना पाय उचलला जातो, कारण चेंडू हातातून सुटण्याआधी पिव्हटचा पाय निघतो. "आधी चेंडू, मग पाय" असं म्हणत पंधरा वेळा एकाच जागेवरून सुरुवात करून घ्या.

मग १५ मिनिटं लेअप. उजव्या हाताने मारताना पावलं उजवं-डावं. आधी चेंडूशिवाय, चालत. मग चेंडूसह, चालत. धावणं तिसऱ्या आठवड्यात. घाई केली की चुकीच्या पायावर उडी बसते आणि ती मोडायला सहा महिने जातात. चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर लावायचा. डावी बाजू पहिल्या दिवसापासून तितकीच.

त्यानंतरची २५ मिनिटं या सगळ्या पद्धतीचा गाभा आहेत : दोन विरुद्ध एक, मग तीन विरुद्ध दोन. हल्ला करणारे कायम एकाने जास्त. यात मोकळा माणूस असतोच, तो शोधायची सवय लागते. चुकलेल्या पासवर रागावू नका, "काय दिसलं?" एवढंच विचारा. उत्तर आलं तर नजर बरोबर होती, हात चुकला. उत्तरच नाही आलं तर नजर चुकली. दोन्हींवरचे उपाय वेगळे : पहिल्याला पासचा सराव, दुसऱ्याला तोच प्रसंग अर्ध्या वेगात पुन्हा.

पुढे प्रत्येकी २० फ्री थ्रो, किती गेले ते वहीत. शेवटची १५ मिनिटं मॅच, काहीही झालं तरी. फक्त कवायत घेतली तर महिन्याभरात निम्मी पोरं क्रिकेटला निघून जातात. सेट प्ले पहिल्या वर्षी शिकवूच नका. पाच जणांना पाठ केलेली चाल एक जण वेचणीला गेला की कोलमडते.

ऊन, पाणी, कामाचे दिवस

मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत सराव पहाटे साडेपाच ते सात. काँक्रीट संध्याकाळी सहालाही तापलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळ टाळाच. दर १५ ते २० मिनिटांनी अर्धा पेला पाणी, तहान लागो न लागो. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलट्या होतात. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ यातलं एक जरी दिसलं तरी पोराला सावलीत बसवा आणि मानेवर, काखेत ओलं फडकं ठेवा. बडबड सुरू झाली किंवा शुद्ध हरपू लागली तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना. त्या अवस्थेत तोंडाने पाणी पाजायचं नाही.

सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांना मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. चप्पल किंवा अनवाणी पायांनी काँक्रीटवर उड्या मारल्या की नडगी आणि टाच दुखू लागते, निदान कॅनव्हासचे बूट हवेत.

वेळापत्रक वावरातल्या कामावर बसवा. जूनच्या पेरणीत, ऑक्टोबरच्या सोयाबीन सोंगणीत आणि पुढे कापूस वेचणीत पोरं येणार नाहीत. त्या काळात आठवड्याचे तीनच दिवस ठेवा आणि न येणाऱ्याला शिक्षा करू नका. घरच्या कामाला गेलेल्या पोराला संघाबाहेर काढलं की बाप पुन्हा पाठवत नाही. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतात, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. नोंदणी शाळेच्या नावाने होते, म्हणून जन्मदाखला, आधार आणि बोनाफाइड जुलैतच गोळा करा. आधारवरची जन्मतारीख आणि शाळेतली तारीख जुळत नाही म्हणून ऐनवेळी चांगली पोरं बाहेर राहतात, आणि हे दरवर्षी होतं.

मुलींचा संघ हवाच. त्यांच्या घरी स्वतः जा, काका-काकूंना सरावाची वेळ आणि परतायची वेळ सांगा, सोबत शाळेतल्या बाई असतील याची खात्री द्या. अंधार पडायच्या आत मुली घरी पोचल्या पाहिजेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हेही सांगा, पण त्याच्या अटी कडक आहेत हे लपवू नका.

मॅच, आणि तुमच्यामागे कोण

चार क्वार्टर, दहा-दहा मिनिटांचे. पूर्वार्धात दोन टाइमआउट, उत्तरार्धात तीन. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, आणि खेड्यातले संघ बहुतेक तिथेच मॅच घालवतात. बेंचवरच्या एका पोराला फक्त फाऊल मोजायला बसवा. दुसऱ्याकडे चार रकान्यांचा कागद : असिस्ट, वाया गेलेले चेंडू, स्टील, हल्ल्यातले रिबाउंड (आपला शॉट चुकल्यावर आपणच परत मिळवलेला चेंडू). गुण पंचांच्या टेबलावर लिहिले जातातच. टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगा. मिनिटभराचा वेळ, त्यातली वीस सेकंदं पाणी पिण्यात जातात.

लहान पोरांना संधी द्या, पण मोजून. ऐतो गार्सिया रेनेसेस हेही स्पेनचे जुने खेळाडू, एस्तुदियान्तेस आणि बार्सिलोनाकडून खेळून प्रशिक्षक झालेले. २००५ साली खोवेन्तुत संघात त्यांनी रिकी रुबियोला १४ व्या वर्षी वरच्या लीगमध्ये उतरवलं. २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवलेल्या स्पेनच्या संघाचे प्रशिक्षक ऐतोच, आणि त्या संघात १७ वर्षांचा रुबियो होता. लासो यांनी लुका डॉन्चिचला ३० एप्रिल २०१५ रोजी रेआल माद्रिदकडून पहिल्यांदा उतरवलं, तेव्हा त्याचं वय १६ वर्षं २ महिने. गावात हेच करायचं तर १४ वर्षांखालच्या चांगल्या पोराला मोठ्यांच्या मॅचमध्ये दुसऱ्या क्वार्टरची तीन-चार मिनिटं द्या, सोबत तुमचा सर्वांत शांत खेळाडू ठेवा, आणि चूक झाली म्हणून लगेच बाहेर ओढू नका. चुकल्यावर बाहेर बसलेलं पोर पुढच्या वेळी पासच देत नाही, चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होतं.

जून २०२२ मध्ये लीगचे निर्णायक सामने सुरू असताना लासो यांना हृदयविकाराचा झटका आला. सहायक चुस मातेओ यांनी संघ हाती घेतला आणि माद्रिदने ती लीग जिंकली. पुढच्या वर्षी मातेओ यांच्याच हाताखाली २०२३ ची युरोलीगही आली. गावच्या संघात बहुधा दुसरा माणूसच नसतो. प्रशिक्षकाला पुण्यात नोकरी लागते आणि पोल गंजत राहतो. म्हणून पहिल्या वर्षापासूनच एक सहायक धरा. तुमच्या संघातून १९ च्या वयोगटाबाहेर गेलेला पॉइंट गार्ड सर्वांत योग्य, मुलींच्या संघासाठी तशीच एखादी मुलगी. सुरुवातीची दहा मिनिटं कायमची त्याच्याकडे, आठवड्यातला एक पूर्ण सराव त्याचा, आणि त्या दिवशी तुम्ही मैदानावर जाऊ नका. वहीत त्यानेही लिहायचं. वही आणि चेंडू शाळेच्या कपाटात ठेवा, कपाटाची एक किल्ली गुरुजींकडे आणि दुसरी त्याच्याकडे द्या.